दुर्बिणीचा आरसा चिकटवून बसविणे

दुर्बिणीचा आरसा चिकटवून बसविणे ही परावर्तक दुर्बिणीचा मुख्य आरसा त्याच्या आसनावर लवचीक चिकटद्रव्याच्या, बहुधा सिलिकोन रबराच्या, काही ठिपक्यांनी जोडण्याची पद्धत आहे. स्वतःच्या हाताने दुर्बीण तयार करणारे हौशी खगोलनिरीक्षक ती मुख्यतः १०० ते २०० मिमी व्यासाच्या, म्हणजे बोलीभाषेतील चार ते आठ इंची, न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणींसाठी वापरतात. दुय्यम आरसाही बहुधा याच रीतीने बसविला जातो. या पद्धतीत आरसा निसटू नये एवढीच चिकटद्रव्याकडून अपेक्षा नसते. आरशाच्या घासलेल्या पृष्ठभागाचा आकार किंचितही न बिघडवता त्याला धरून ठेवणे हे त्याचे खरे काम होय. त्यामुळे चिकटद्रव्य किती बळकट आहे यापेक्षा ते किती मऊ आहे आणि त्याचा थर किती जाड आहे, याला अधिक महत्त्व आहे.

== आरशाच्या आसनाचे कार्य ==

न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणीत नळीच्या तळाशी असलेला अंतर्वक्र आरसा प्रकाश गोळा करतो. हा आरसा ज्या चौकटीवर किंवा फळीवर बसतो तिला आरशाचे आसन म्हणतात. हौशी कारागिरांत 'सेल' हा शब्द रूढ आहे. आसनाला तीन कामे करावी लागतात. दुर्बीण कोणत्याही दिशेला वळविली तरी आरसा जागचा हलू न देणे, तीन बोल्ट व स्प्रिंगांच्या साहाय्याने आरशाचा कल सूक्ष्म प्रमाणात बदलता येणे आणि हे करताना काचेला कोठेही न वाकविणे, ही ती कामे होत.

यांपैकी तिसरे काम सर्वांत अवघड असते. चांगल्या प्रतिमेसाठी आरशाने परत पाठविलेल्या प्रकाशतरंगात तरंगलांबीच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक विकृती नसावी, असा लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जाणारा निकष आहे. परावर्तनात आरशावरील चूक दुप्पट होत असल्याने पृष्ठभागावर याच्या निम्मी, म्हणजे एक अष्टमांश तरंगलांबीइतकीच सूट मिळते. ५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशासाठी हे अंतर सुमारे ७० नॅनोमीटर भरते. पंचवीस मिमी जाडीची काच हाताला दगडासारखी टणक लागते, परंतु या मापाच्या दृष्टीने ती टणक नसते. बोटाने दाबली तरी ती यापेक्षा जास्त वाकू शकते. कित्येक आठवडे कार्बोरंडमच्या भुकटीने घासून, नंतर पिचवर चकाकी देऊन आणि फूको चाचणीने पुनःपुन्हा तपासून साधलेला अन्वस्ताकार चुकीच्या बैठकीमुळे एका दिवसात वाया जाऊ शकतो.

== पार्श्वभूमी ==

आयझॅक न्यूटन यांच्या १६६८ च्या दुर्बिणीतील आरसा धातूचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काचेवर चांदीचा पातळ मुलामा चढविण्याची कृती साध्य झाली आणि काचेचे आरसे प्रचारात आले. पुढे चांदीची जागा निर्वात कक्षात चढविलेल्या ॲल्युमिनियमच्या थराने घेतली. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी रसेल पोर्टर यांनी १९२० साली कारखान्यातील कामगारांना आरसे घासण्यास शिकविले. अल्बर्ट इंगॉल्स यांनी १९२५ पासून 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातून या उद्योगाला प्रसिद्धी दिली आणि घरगुती दुर्बीणबांधणीचा छंद सर्वदूर पसरला. त्या काळच्या आसनांत आरसा धातूच्या तबकात तीन टेकूंवर ठेवीत व कडेने लहान धातूच्या पकडी लावीत. सॅन फ्रान्सिस्कोचे जॉन डॉब्सन यांनी मोठे व पातळ आरसे कापडी पट्ट्याच्या झोळीत टेकविण्याची सोपी युक्ती लोकप्रिय केली.

हवेतील आर्द्रतेने नेहमीच्या तापमानाला घट्ट होणारे सिलिकोन रबर बाजारात सहज मिळू लागल्यावर आरसा चिकटविण्याची पद्धत रुळली. तिच्यात पकडी, झोळी व कडेचे टेकू यांची गरज राहत नाही. घरच्या हत्यारांनी, एका प्लायवूडच्या वर्तुळावर व थोडक्या खर्चात आसन तयार होते, हे तिच्या प्रसाराचे मुख्य कारण आहे.

महाराष्ट्रात पुण्याच्या आयुका या संस्थेने दुर्बीण तयार करण्याच्या कार्यशाळा घेतल्या असून त्यांतून अनेक विद्यार्थी, शिक्षक व हौशी निरीक्षकांनी स्वतः आरसे घासले आहेत.

== चिकटद्रव्याची निवड ==

सरकत्या खिडक्यांची ॲल्युमिनियमची कामे करणाऱ्यांकडे, काचेच्या दुकानांत आणि मत्स्यालयाचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळणारे नळीतील सिलिकोन या कामासाठी वापरतात. बाजारात त्याला सर्रास 'सिलिकॉन' म्हणतात. वास्तविक सिलिकॉन हे मूलद्रव्य असून सिलिकोन हे त्यापासून बनविलेले बहुवारिक आहे.

त्याचे दोन प्रकार नेहमी आढळतात. पहिल्या प्रकारातून घट्ट होताना ॲसिटिक आम्ल बाहेर पडते. व्हिनेगरसारख्या उग्र वासावरून तो लगेच ओळखू येतो. काचेला तो उत्तम चिकटतो, परंतु आम्लाच्या वाफेचा धातूंवर परिणाम होतो. आरशावरील ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असल्याने ही वाफ बंद नळीत कोंडू देणे योग्य नव्हे. दुसऱ्या, 'न्यूट्रल' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारात हे आम्ल नसते. पर्याय असेल तेथे तोच घ्यावा. पहिला प्रकार वापरल्यास आसन उघड्या, हवेशीर जागी ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत नळीत बसवू नये.

अराल्डाइटसारखी दोन नळ्यांची इपॉक्सी चिकटद्रव्ये आणि नळदुरुस्तीला वापरले जाणारे एम-सील ही घरोघरी हाताशी असतात व सिलिकोनपेक्षा बळकटही असतात. मात्र याच कारणाने ती येथे त्याज्य ठरतात. घट्ट झाल्यावर ती कडक होतात व आसनाची प्रत्येक हालचाल काचेला जशीच्या तशी पोहोचवतात. 'फेविक्विक'सारखी झटपट चिकटणारी द्रव्ये तर केसाइतकाही थर राहू देत नाहीत. फेसाची दुहेरी चिकटपट्टी मऊ असली तरी सततच्या भाराखाली ती हळूहळू सरकते. मुख्य आरशासाठी ती भरवशाची नाही.

== थराची जाडी ==

सिलिकोनच्या बळाविषयी शंका घेण्यास फारशी जागा नाही. २०० मिमी व्यासाचा व २५ मिमी जाडीचा साध्या काचेचा आरसा सुमारे २ किलोग्रॅम वजनाचा असतो. २५ मिमी व्यासाच्या तीन ठिपक्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस सेंटिमीटर होते. नीट चिकटलेले सिलिकोन दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम किंवा अधिक ओढ सहन करते. म्हणजे तीन ठिपके मिळून दीडशे किलोग्रॅमपर्यंत भार पेलू शकतील. नवख्या कारागिराला दोन किलोच्या काचेसाठी तीन ठिपके अपुरे वाटतात आणि तो संपूर्ण पाठीवर चिकटद्रव्य पसरतो. त्याने सुरक्षितता फारशी वाढत नाही, आरसा वाकण्याची शक्यता मात्र वाढते.

खरा प्रश्न तापमानाचा आहे. काच आणि आसन एकाच प्रमाणात आकुंचन पावत नाहीत. एक अंश सेल्सिअस फरकाने साधी काच दर मीटरला सुमारे ९ मायक्रोमीटर, पायरेक्स काच सुमारे ३.३ मायक्रोमीटर, तर ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रोमीटर लांबी बदलते. वरील आरशाचे ठिपके केंद्रापासून ७० मिमी अंतरावर असून आसन ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आहे असे समजू. चिकटविले त्या दुपारपेक्षा रात्र २० अंशांनी थंड असेल, तर प्रत्येक ठिपक्याच्या जागी धातू काचेपेक्षा सुमारे ०.०२ मिमी अधिक आत सरकतो. पायरेक्सच्या आरशासाठी हा फरक ०.०३ मिमीच्या जवळ जातो. आकडा नगण्य दिसतो, पण आरशाच्या पृष्ठभागाला दिलेली सूट त्याच्या तीनशेव्या भागाइतकीच आहे.

हा फरक कोणीतरी सोसावा लागतो. सिलिकोनचा थर ३ मिमी जाड असेल तर ०.०२ मिमी सरकणे म्हणजे त्याच्या जाडीच्या एक टक्क्याहूनही कमी तिरकेपणा होय. तो रबर सहज सोसते व काचेवर जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम वजनाइतका आडवा जोर येतो. आरसा दाबून थर ०.३ मिमी केला तर तोच जोर दहापट होतो. इपॉक्सीच्या पातळ थरात तो आणखी कित्येक पटींनी वाढतो, कारण कडक इपॉक्सी सिलिकोनपेक्षा हजारपटींहून अधिक ताठ असते. चिकटद्रव्य चांगले पकडावे म्हणून आरसा दाबून बसविणे ही सुतारकामातील सवय म्हणूनच येथे अपायकारक ठरते.

जाडी वाढवीत नेण्यालाही मर्यादा आहे. दुर्बीण क्षितिजाकडे वळविली की आरसा जवळजवळ उभा होतो आणि त्याचा सर्व भार ठिपक्यांवर आडव्या दिशेने येतो. ३ मिमी थरात वरील आरसा अशा वेळी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास खाली सरकतो. एवढे सरकणे नजरेच्या निरीक्षणात जाणवत नाही. थर ८–१० मिमी केल्यास आरसा डुलू लागतो आणि आरशांची जुळणी, म्हणजे कोलिमेशन, दुर्बिणीच्या प्रत्येक कलाबरोबर बदलते. म्हणून २ ते ४ मिमी ही जाडी व्यवहारात योग्य मानली जाते.

प्लायवूडचे औष्णिक प्रसरण धातूपेक्षा बरेच कमी असते व तो त्याचा गुण आहे. परंतु लाकूड आर्द्रतेने फुगते व वाकते. कोकणात किंवा पावसाळ्यात ठेवलेल्या दुर्बिणीचे आसन सर्व बाजूंनी, बोल्टच्या छिद्रांच्या आतूनही, रंग वा वॉर्निश देऊन बंद करणे आवश्यक असते.

== ठिपक्यांची संख्या व जागा ==

तीन ठिपके ही किमान व लहान आरशांसाठी पुरेशी संख्या आहे. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते. त्यामुळे फळी थोडी वाकडी असली तरी तिचा वाकडेपणा आरशात उतरत नाही. चौथा ठिपका दिला की ही सोय संपते.

ठिपके केंद्रापासून किती दूर असावेत याविषयी जुना संकेत त्रिज्येच्या सुमारे ०.७ पट असा आहे. त्या वर्तुळाच्या आत व बाहेर काचेचे वजन समसमान विभागले जाते. पुढे तोशिमी ताकी यांच्या गणनपद्धतीवर डेव्हिड लुईस यांनी 'प्लॉप' हा संगणकीय कार्यक्रम तयार केला. केवळ केंद्रलांबी बदलविणारे वाकणे दृष्टीला अपाय करीत नाही हे लक्षात घेऊन त्याने गणित केले असता तीन टेकूंसाठी त्रिज्येच्या सुमारे ०.४ पट अंतर अधिक चांगले ठरते. शिवाय ठिपके आत घेतल्याने तापमानामुळे होणारे सरकणेही त्याच प्रमाणात घटते. दुसऱ्या बाजूने, ते फार जवळ आणले तर आरसा डळमळतो. १५० मिमी व्यासाच्या व २५ मिमी जाडीच्या आरशाला दोन्ही जागा चालतात.

स्वतःच्या वजनाने आरशाचे वाकणे व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते आणि जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर ते सोळापट होते. २५० मिमी व त्यापुढील पातळ आरशांना म्हणूनच नऊ किंवा अठरा टेकू द्यावे लागतात. ते तराजूच्या दांडीप्रमाणे झुलणाऱ्या त्रिकोणी पट्ट्यांवर बसवितात. असे सर्व टेकूही चिकटविता येतात, पण चिकटद्रव्याने त्रिकोणांचे झुलणे अडले तर त्या रचनेचा हेतूच नाहीसा होतो.

== कृती ==

ॲल्युमिनियमचा थर चढविण्यासाठी आरसा निर्वात कक्षात ठेवावा लागतो व त्या वेळी त्याच्या पाठीवर सिलिकोनचा अंशही चालत नाही. म्हणून चिकटविण्याचे काम थर चढविल्यानंतरच करतात.

आरशाची पाठ व आसनावरील तिन्ही जागा ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरड्या करतात. आसनाला रंग दिला असल्यास ठिपक्यांच्या जागचा रंग खरवडून काढणे इष्ट असते, कारण अन्यथा चिकटद्रव्य रंगाला धरते आणि सारा भरवसा रंगाच्या पकडीवर राहतो. आसन पाणसळीने समपातळीत ठेवतात. प्रत्येक ठिपक्याच्या लगत ३ मिमी जाडीच्या ॲक्रिलिकचा लहान तुकडा ठेवतात. आगकाड्याही वापरल्या जातात, मात्र त्यांची जाडी सारखी नसते. नंतर तुकड्यांपेक्षा थोडे उंच असे सिलिकोनचे ठिपके देऊन आरसा, चकाकीची बाजू वर ठेवून, सरळ वरून खाली अलगद टेकवितात. तो स्वतःच्या वजनाने तुकड्यांवर बसतो. हाताने दाबायचा नसतो व सरकवायचाही नसतो. चुकून सरकल्यास उचलून सर्व पुसून पुन्हा आरंभ करणे श्रेयस्कर. या कामाला दोन माणसे असावीत, कारण कडेने धरलेल्या काचेखाली तुकडे जागचे हलले तर एकट्याला ते सावरता येत नाहीत.

सिलिकोन घट्ट होताना थोडे आकसते. तुकडे ठिपक्यांपासून दूर ठेवले तर आकसणारे ठिपके काचेला खाली ओढतात व तुकडे तिला वर धरतात, आणि ही रस्सीखेच आरशात कायमची राहू शकते. तुकडे लगत ठेवण्याचे कारण हेच आहे. एक दिवसाने, ठिपक्याची कड धरल्यावर, तुकडे काढून घेतात.

== घट्ट होण्याचा काळ ==

नळीवर 'चोवीस तास' असे लिहिलेले असले तरी तो काळ खिडकीच्या फटीतील उघड्या रेघेसाठी असतो. एका नळीचे सिलिकोन हवेतील बाष्पामुळे बाहेरून आत घट्ट होत जाते व दिवसाला साधारण दोन-तीन मिमी आत सरकते. ही गतीही खोलीबरोबर मंदावते. काच आणि पत्रा यांच्यामध्ये सापडलेल्या २५ मिमी व्यासाच्या ठिपक्याला हवा केवळ कडेनेच मिळते. त्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे साडेबारा मिमी आत, बाष्प पोहोचण्यास आठवडा किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. बाहेरून रबरासारखा झालेला ठिपका आत मलमासारखा असू शकतो. अशा अवस्थेत दुर्बीण उभी केली तर आरसा हळूहळू सरकतो आणि तिरकाच घट्ट होतो. पावसाळी दमट हवेत हे काम लवकर होते, विदर्भातील उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत त्याला अधिक वेळ द्यावा लागतो. दहा ते पंधरा दिवस आरसा आडवाच ठेवावा. त्यासोबत त्याच सिलिकोनचा, तेवढाच ठिपका दोन टाकाऊ काचांच्या तुकड्यांत करून ठेवल्यास तो मध्येच उघडून पाहता येतो.

== दोष ओळखणे ==

बैठकीतील ताणाची खूण ताऱ्याच्या प्रतिमेत दिसते. मोठ्या प्रवर्धनाखाली तेजस्वी तारा केंद्रबिंदूच्या किंचित आत व किंचित बाहेर घेतल्यास त्याची चकती गोल दिसावी. ती एकदा एका दिशेने व नंतर तिच्या काटकोनात लांबट दिसली तर ॲस्टिग्मॅटिझमचा दोष असतो. तिला तीन कोपरे दिसले तर तीन ठिपक्यांवरील ताणाचा संशय घ्यावा. निरीक्षकाच्या डोळ्यातही हाच दोष असू शकतो. डोके तिरके केल्यावर लांबटपणाही फिरला तर दोष डोळ्याचा असतो.

दोष काचेच्या घासणीतला की बैठकीतला हे ठरविण्यासाठी एरवी आरसा आसनात थोडा फिरवून पाहतात. चिकटविलेल्या आरशाबाबत ही तपासणी करता येत नाही, आणि या पद्धतीवरील हा सर्वांत सबळ आक्षेप आहे. म्हणून चिकटविण्यापूर्वी आरसा तीन टेकूंवर नुसता ठेवून ताऱ्यावर तपासून घेणे, व त्या वेळी दिसलेली प्रतिमा टिपून ठेवणे, हे काम टाळू नये. दोष केवळ थंड रात्री दिसतो व उबदार रात्री दिसत नाही असे आढळल्यास कारण बहुधा पातळ थरात सापडते.

चिकटद्रव्य असतानाही कडेला तीन पकडी ठेवाव्यात की नाहीत, याबद्दल कारागिरांत एकमत नाही. पकड काचेला न टेकता, जाड कागद जाईल एवढी फट राखून बसविली तर तिचा अपाय नाही. शाळेत किंवा आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत हाताळल्या जाणाऱ्या, वाहनातून नेल्या जाणाऱ्या दुर्बिणीला त्या असलेल्या बऱ्या.

== दुय्यम आरसा ==

नळीच्या तोंडाजवळ ४५ अंशांत बसविलेला लहान सपाट आरसा वजनाने हलका असतो, पण तो मुख्य आरशाच्या बरोबर वर, खाली तोंड करून लटकलेला असतो. त्याची पकड सुटली तर दोन्ही आरसे एकदमच जातात. यासाठी चिकटद्रव्याखेरीज एक पातळ तार किंवा मजबूत दोरा, थोडा सैल ठेवून, आरशाच्या पाठीला व धारकाला वेगळ्या ठिपक्यांनी जोडतात. आरसा पातळ असल्याने ठिपके लहान व मध्याजवळ देतात. थराची जाडी येथेही एक-दोन मिमी राखतात.

== आरसा सोडविणे ==

दमट व समुद्रकाठच्या हवेत ॲल्युमिनियमचा थर काही वर्षांनी निस्तेज होतो व तो पुन्हा चढविण्यासाठी आरसा आसनापासून सोडवावा लागतो. त्यासाठी गळाची तंगूस किंवा गिटारची बारीक तार काच व आसन यांच्यामधून ओवून करवतीसारखी मागेपुढे ओढतात. ३ मिमी थरातून ती सहज जाते, दाबून पातळ केलेल्या थरात ती शिरतही नाही. पटाशी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून आरसा उचकटू नये, कारण काचेच्या कडेचा टवका उडतो. तार चालवीत असताना आरसा उशीवर आडवा ठेवतात, जेणेकरून शेवटचा ठिपका तुटताना तो घसरणार नाही.

उरलेले रबर दाढीच्या पात्याने खरवडून नंतर बोटाने चोळून काढतात. सिलिकोनवर दुसरे कोणतेही चिकटद्रव्य वा रंग नीट धरत नाही. त्यामुळे पुसट राहिलेला थरही पूर्ण निघणे आवश्यक असते. पाठीवर पाणी शिंपडून पाहिल्यास उरलेल्या सिलिकोनच्या जागी ते पसरत नाही, थेंब होऊन उभे राहते.